आघाडी सरकार आणि बाहेरून पाठिंबा: सत्तेत कोण, जबाबदार कोण?

लोकसभेत किंवा विधानसभेत कुणालाच बहुमत मिळालं नाही की आपल्याकडे ठाण्यात, नाक्यावर असो वा लोकलमध्ये, दोन गोष्टी हमखास एक समजल्या जातात: आघाडी सरकार आणि बाहेरच्या पाठिंब्यावर तगलेलं सरकार. आकड्यांपुरतं पाहिलं तर दोन्हीकडे बेरीजच असते. पण आघाडीत साथीदार पक्षाचे मंत्री सरकारात असतात; बाहेरून पाठिंबा देणारा पक्ष मंत्रिपद न घेता सभागृहात फक्त साथ देतो. फरक आहे जबाबदारीचा, आणि निर्णय चुकला तर जाब कुणाला विचारायचा हे त्यावरच ठरतं.

ठाणेकरांनी हा फरक २०१४ मध्ये अगदी जवळून पाहिला. विधानसभेत २८८ जागा, बहुमताला १४५ हवेत आणि भाजपकडे १२२. निकालाच्याच दिवशी ४१ आमदारांच्या राष्ट्रवादीने बाहेरून पाठिंबा जाहीर केला. ६३ जागांची शिवसेना विरोधात बसली आणि कोपरी-पाचपाखाडीचे आमदार एकनाथ शिंदे विरोधी पक्षनेते झाले. १२ नोव्हेंबरला फडणवीस सरकारने आवाजी मतदानाने विश्वासदर्शक ठराव जिंकला. ५ डिसेंबरला शिवसेना सरकारात सामील झाली, आणि विरोधी पक्षनेतेच मंत्री झाले. मुख्यमंत्री तेच, सभागृह तेच. सरकारचा प्रकार मात्र महिन्याच्या आत बदलला. आधी ते अल्पमतातलं सरकार होतं, नंतर आघाडीचं.

अल्पमताच्या त्या दिवसांत राष्ट्रवादीचा एकही मंत्री नव्हता, त्यामुळे सरकारच्या कोणत्याही निर्णयाची राजकीय किंमत मोजण्याचं बंधन त्या पक्षावर नव्हतं. सरकारात आल्यावर शिवसेनेचं तसं नव्हतं. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६४ प्रमाणे (केंद्रासाठी अनुच्छेद ७५) मंत्रिमंडळ सभागृहाला सामूहिकरीत्या जबाबदार असतं. पुढची पाच वर्षं शिवसेनेचे मंत्री ‘राजीनामे खिशात आहेत’ म्हणत राहिले, तरी मंत्रिमंडळाचा प्रत्येक निर्णय त्यांचाही होता. सत्तेत राहून सरकारवर टीका करता येते, जबाबदारी झटकता येत नाही.

बाहेरून पाठिंबा देणाऱ्याला ती झटकता येते, आणि म्हणूनच मला हा प्रकार मतदारासाठी अधिक वाईट वाटतो. इतिहासही तेच सांगतो. २८ जुलै १९७९ ला चरणसिंग पंतप्रधान झाले ते इंदिरा गांधींच्या काँग्रेसच्या पाठिंब्यावर. तो काढून घेतला गेला आणि २० ऑगस्टला, लोकसभेला एकदाही सामोरं न जाता, त्यांनी राजीनामा दिला. १९९० मध्ये चंद्रशेखर यांच्याकडे स्वतःचे साठेक खासदार आणि मागे जवळपास दोनशे खासदारांची काँग्रेस. राजीव गांधींच्या घराबाहेर हरियाणा पोलिसांचे दोन शिपाई पाळत ठेवत असल्याचा आरोप झाला, काँग्रेस बिथरली आणि ६ मार्च १९९१ ला पंतप्रधानांना राजीनामा द्यावा लागला. मंत्रिमंडळात नसलेल्या पक्षाला सोडायला काही नसतंच. राष्ट्रपतींना एक पत्र दिलं की झालं.

एकाच सरकारात दोन्ही प्रकार नांदू शकतात, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. १९९६ च्या देवेगौडा सरकारला भारतीय कम्युनिस्ट पक्ष आतून साथ देत होता, त्यांचे इंद्रजित गुप्ता तर गृहमंत्री होते. मार्क्सवादी पक्ष मात्र बाहेर राहिला, आणि १४० जागांची काँग्रेसही बाहेर. एप्रिल १९९७ मध्ये काँग्रेसनेच ते पाडलं.

डाव्यांनी २००४ ते २००८ मनमोहन सिंग सरकारला दिलेला पाठिंबा मी वेगळा मानतो. किमान समान कार्यक्रम लेखी होता, समन्वय समिती होती आणि अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावरचा विरोध त्यांनी आधीपासून उघडपणे मांडला होता. पाठिंबा काढल्यावर २२ जुलै २००८ ला सरकार २७५ विरुद्ध २५६ मतांनी तगलं. पण निदान कोण कशासाठी बाहेर पडलं, हे लोकांना कळलं.

आघाडी टिकतेच असंही नाही. १९९९ मध्ये अण्णाद्रमुक वाजपेयी सरकारात होता. तो बाहेर पडला आणि सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं. आघाडी जुळवायलाही वेळ लागतो, कारण खातेवाटप, कार्यक्रम आणि नेतृत्व आधीच ठरवावं लागतं. २०१९ मध्ये तर भाजप-शिवसेना युतीला मिळून १६१ जागा, म्हणजे स्पष्ट बहुमत होतं, तरी मुख्यमंत्रिपदावर गाडी अडली. २४ ऑक्टोबरच्या निकालानंतर मध्ये राष्ट्रपती राजवट आली आणि २८ नोव्हेंबरला उद्धव ठाकरे यांचा शपथविधी झाला.

महापालिकेला ही मोजपट्टी लावू नये. नवी मुंबईत २०१५ ला १११ पैकी ५२ जागा राष्ट्रवादीला मिळाल्या, बहुमताला चार कमी. पण तिथे कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात, त्यामुळे बेरीज कशीही जमली तरी पाणी आणि कचऱ्याचं काम थांबत नाही.

जून २०२४ मध्ये भाजपला २४० जागा मिळाल्या, बहुमताला २७२ हव्या होत्या. तेलुगू देसम (१६) आणि जनता दल युनायटेड (१२) मंत्रिमंडळात आले, तेव्हा हे आघाडी सरकारच. अजित पवारांच्या राष्ट्रवादीने मात्र देऊ केलेलं स्वतंत्र प्रभाराचं राज्यमंत्रिपद नाकारलं, कारण त्यांचे नेते प्रफुल्ल पटेल पूर्वी कॅबिनेट मंत्री होते आणि हे पद त्याहून खालचं. निवडणूक युती म्हणून लढवलेली, पाठिंबा कायम, पण ९ जूनच्या शपथविधीत त्या पक्षाचा कुणीही नव्हता.