बार्टन, क्लारा आणि बेपत्ता सैनिकांचे कार्यालय

क्लारा बार्टन (२५ डिसेंबर १८२१ – १२ एप्रिल १९१२) या अमेरिकन यादवी युद्धात प्रत्यक्ष रणभूमीवर शुश्रूषा करणाऱ्या पहिल्या पिढीतील परिचारिका आणि अमेरिकन रेड क्रॉसच्या संस्थापक. रेड क्रॉसमुळे त्यांचे नाव सर्वदूर पोचले. मात्र त्यांच्या हातून झालेले सर्वांत मोलाचे काम वॉशिंग्टन शहरातील एका भाड्याच्या खोलीत, १८६५ ते १८६८ या काळात झाले, असे प्रस्तुत नोंदीत मानले आहे. युद्ध संपूनही ज्यांचा ठावठिकाणा लागत नव्हता अशा सैनिकांचा शोध घेणारे कार्यालय त्या तिथे चालवत होत्या. ते बंद पडले, विसरले गेले आणि सव्वाशेहून अधिक वर्षांनी एका पोटमाळ्यात पुन्हा सापडले.

मॅसॅच्युसेट्स राज्यातील नॉर्थ ऑक्सफर्ड या गावी पाच भावंडांत धाकटी म्हणून क्लाराचा जन्म झाला. वडील तरुणपणी सैन्यात होते. लढायांच्या गोष्टी, सैन्याची रचना, हुद्दे हे सगळे तिने त्यांच्याकडूनच ऐकले. थोरला भाऊ डेव्हिड धान्याच्या कोठाराचे बांधकाम चालू असताना वरून पडला. ती तेव्हा अकरा-बारा वर्षांची होती. सुमारे दोन वर्षे तिने त्याची सेवा केली. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्याला जळवा लावण्याचे कामही तीच करी. शुश्रूषेचे दुसरे कोणतेही शिक्षण तिला कधी मिळाले नाही. त्या काळी अमेरिकेत परिचारिकांसाठी शाळाच नव्हती.

पुढे बरीच वर्षे त्यांनी शिक्षिका म्हणून काम केले. न्यू जर्सीतील बॉर्डनटाउन येथे १८५२ मध्ये त्यांनी मोफत सार्वजनिक शाळा सुरू केली. शाळा वाढली, नवी इमारत उभी राहिली आणि मुख्याध्यापक म्हणून त्यांच्या डोक्यावर जास्त पगाराचा पुरुष आणून बसवण्यात आला. त्यांनी शाळा सोडली आणि १८५४ मध्ये वॉशिंग्टनच्या पेटंट कार्यालयात नोकरी धरली. तिथे आधी पुरुष कारकुनांच्या बरोबरीचा पगार मिळाला. नंतर कपात होऊन शब्दांच्या हिशेबाने मोबदला मिळणारी नक्कलनवीस एवढेच स्थान उरले, आणि मग तेही गेले. लिंकन निवडून आल्यावर त्या पुन्हा तिथे रुजू झाल्या. चरित्रकार हा काळ भराभर उरकतात. तसे करू नये. रोज शेकडो ओळी बिनचूक उतरवून काढायच्या, नावात किंवा आकड्यात चूक होऊ द्यायची नाही, ही सवय त्यांना इथे लागली आणि पुढचे सगळे काम तिच्यावरच उभे राहिले.

एप्रिल १८६१ मध्ये देशाच्या उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील राज्यांत युद्ध पेटले. बाल्टिमोरमध्ये जमावाने हल्ला केलेली मॅसॅच्युसेट्सची सहावी रेजिमेंट राजधानीत आली, तेव्हा जागेअभावी सैनिकांना सिनेटच्या सभागृहात उतरवण्यात आले. त्यांत बार्टन यांचे काही जुने विद्यार्थी होते. सामानसुमान वाटेतच गमावलेले. बार्टन यांनी घरातून रुमाल, सुया-दोरे, खाण्याचे जिन्नस नेऊन दिले, आणि गावाकडचे वर्तमानपत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवले. मग घरोघरच्या बायकांना पत्रे लिहून मदत मागवायला सुरुवात केली. पेट्या इतक्या येऊ लागल्या की त्यांची राहती खोली कोठारच बनली.

सैन्यात परिचारिका नेमण्याचे अधिकार तेव्हा डोरोथिआ डिक्स यांच्याकडे होते. त्यांनी नेमलेल्या स्त्रिया मुख्यतः शहरांतील आणि पिछाडीच्या लष्करी रुग्णालयांत काम करत. बार्टन त्या दलात गेल्या नाहीत. जखमी माणूस रुग्णालयात पोचेपर्यंत वाटेतच दगावतो हे त्यांनी गोदीवर उतरणाऱ्या जखमींकडे पाहून ओळखले होते. ऑगस्ट १८६२ मध्ये आघाडीवर जाण्याची परवानगी मिळाली आणि सीडर माउंटन, बुल रनची दुसरी लढाई, चँटिली अशा लढायांमागून लढायांत त्या सामानाच्या गाड्या घेऊन पोचल्या. १७ सप्टेंबर १८६२ रोजी अँटिटमला तर तोफा चालू असतानाच त्या शेतात शिरल्या. मलमपट्टीचे कापड संपल्यामुळे सर्जन मक्याच्या कणसांवरची हिरवी पाने जखमांना बांधत होते. बार्टन यांच्या गाडीत पट्ट्या होत्या आणि कंदीलही. त्या कंदिलांच्या उजेडात रात्री शस्त्रक्रिया चालू राहिल्या. एका जखमीला पाणी पाजत असताना गोळी त्यांच्या बाहीतून आरपार गेली आणि तो माणूस हातातच मेला. बाहीचे ते भोक आपण कधी रफू केले नाही, असे त्या पुढे सांगत. दुसऱ्या एकाच्या गालात रुतलेली गोळी त्यांनी त्याच्याच विनवणीवरून खिशातल्या चाकूने काढली. जेम्स डन या सर्जनने पत्नीला लिहिलेल्या पत्रात त्यांना ‘रणभूमीवरील देवदूत’ म्हटले आणि ते नाव कायमचे चिकटले.

या बिरुदामागे झाकली जाणारी एक गोष्ट डिसेंबर १८६२ मध्ये फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईत दिसते. नदीकाठच्या लेसी हाउस या वाड्यात जखमी इतके दाटीने पडले होते की पाय ठेवायला जागा नव्हती. तिथे बार्टन खिशातल्या छोट्या रोजनिशीत मरणाऱ्यांची नावे आणि त्यांना कुठे पुरले ते टिपत होत्या. हे काम त्यांना कोणी सांगितले नव्हते. सैनिकांच्या गळ्यात ओळखपट्टी नसे; काही जण लढाईआधी नावाची चिठ्ठी अंगरख्याला टाचून घेत, बाकीचे तसेच जात. कुणाचा नवरा, कुणाचा मुलगा नेमका कुठे गेला, हे घरी कळण्याचा खात्रीचा मार्ग नव्हता. सोबत्याने पत्र लिहिले तर कळे, नाहीतर नाही. विधवेला निवृत्तिवेतन हवे असेल तर नवरा मेल्याचा पुरावा लागे. युद्धानंतर राष्ट्रीय दफनभूमींत हलवलेल्या उत्तरेकडील सैनिकांपैकी जवळजवळ निम्म्यांची ओळख पटली नाही, यावरून या प्रश्नाचा आवाका ध्यानात यावा.

१८६३ मध्ये दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर, फोर्ट वॅग्नरच्या वेढ्यात, आणि १८६४ मध्ये उत्तरेकडील जनरल बटलर यांच्या हाताखालील सैन्याच्या रुग्णालयांत त्यांनी काम केले. १८६५ च्या मार्चमध्ये त्यांचा भाऊ स्टीफन वारला. याच सुमारास ॲनापोलिस बंदरात दक्षिणेतून सुटलेले युद्धकैदी बोटींनी येऊ लागले होते आणि बार्टन यांच्याकडे घरच्यांची पत्रे येत होती : आमचा मुलगा त्यांच्यात आहे का? अध्यक्ष लिंकन यांनी मार्च महिन्यात एक छोटे जाहीर पत्र काढले. बेपत्ता कैद्यांचा शोध घेण्याचे काम मिस बार्टन यांनी आपण होऊन पत्करले आहे. नाव, रेजिमेंट आणि कंपनी (म्हणजे रेजिमेंटमधील तुकडी) कळवून त्यांना ॲनापोलिसच्या पत्त्यावर लिहावे, एवढाच त्याचा आशय. महिन्याभरात लिंकन यांची हत्या झाली. काम मात्र सुरू झाले होते आणि लवकरच ते वॉशिंग्टनच्या सातव्या रस्त्यावरील बार्टन यांच्या भाड्याच्या बिऱ्हाडात, तिसऱ्या मजल्यावरच्या नऊ क्रमांकाच्या खोलीत आले.

कामाची रीत साधी होती, आणि तिचे यश त्या साधेपणातच होते. आलेल्या प्रत्येक पत्रातील नाव, हुद्दा, रेजिमेंट, कंपनी यांची नोंद व्हायची. नावांच्या राज्यवार याद्या तयार व्हायच्या. सरकारी छापखान्यातून त्या छापून टपाल कार्यालयांत आणि सार्वजनिक जागी लावल्या जायच्या, वर्तमानपत्रांतही प्रसिद्ध व्हायच्या. घरी परतलेल्या सैनिकांना आवाहन असे की यांपैकी कुणाचे काय झाले ते ठाऊक असेल तर कळवा. म्हणजे सरकारदरबारी जी माहिती नव्हती ती सोबत्यांच्या आठवणीतून गोळा करायची आणि घरच्यांना कळवायची. हाताशी मोजके कारकून होते आणि पैसा सुरुवातीला बार्टन यांनी स्वतःचाच घातला. १८६६ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, १५,००० डॉलर मंजूर केले. काँग्रेसला सादर केलेल्या शेवटच्या अहवालात त्यांनी दिलेले आकडे असे : ६३,१८२ चौकशीपत्रे आली, ४१,८५५ पत्रे लिहिली गेली आणि सुमारे २२,००० बेपत्तांचा छडा लागला.

बहुतेक उत्तरे मृत्यूचीच होती. पण एका जिवंत माणसाचेही पत्र आले. आपले नाव गावभर का झळकवले, आपण असा काय गुन्हा केला, असा त्याचा सवाल होता. बार्टन यांनी त्याला खडसावून उत्तर दिले : तुम्ही घरच्यांची जेवढी फिकीर केलीत त्याहून कितीतरी अधिक त्यांनी तुमची केली, हेच त्यांचे दुर्दैव. हे पत्र वाचले की मृदू, पांढऱ्या वस्त्रातील परिचारिकेची प्रचलित प्रतिमा किती अपुरी आहे ते कळते.

याद्यांच्या कामाला सर्वांत मोठा आधार मिळाला तो डॉरन्स ॲटवॉटर या विशीतल्या तरुणाचा. कनेक्टिकटचा हा सैनिक जॉर्जियातील अँडरसनव्हिलच्या छावणीत कैदी होता. या छावणीत सुमारे ४५,००० कैदी आणले गेले आणि त्यांतील जवळजवळ १३,००० उपासमार, अतिसार, स्कर्व्ही अशा कारणांनी मेले. अक्षर चांगले म्हणून ॲटवॉटरला मृतांची नोंदवही लिहायला बसवले होते. मूळ वही कधी बाहेर येईल याचा भरवसा नसल्यामुळे त्याने चोरून दुसरी प्रत तयार केली आणि सुटताना कोटाच्या अस्तरात दडवून आणली. यादीत मृताचे नाव होते आणि थडग्याचा क्रमांकही. जुलै १८६५ मध्ये कॅप्टन जेम्स मूर यांच्या नेतृत्वाखालील लष्करी तुकडीबरोबर बार्टन आणि ॲटवॉटर अँडरसनव्हिलला गेले. चरांमध्ये ओळीने पुरलेल्या प्रेतांवर नावाच्या लाकडी पाट्या बसल्या; ‘अज्ञात’ असे लिहावे लागले ते अवघ्या साडेचारशेच्या आसपास थडग्यांवर. १७ ऑगस्ट १८६५ रोजी दफनभूमीवर बार्टन यांच्या हस्ते ध्वज उभारला गेला. यानंतर यादीच्या मालकीवरून युद्धखात्याने ॲटवॉटरवर लष्करी खटला भरून त्याला तुरुंगात टाकले, ही त्या प्रकरणातील लाजिरवाणी बाजू. काही महिन्यांनी तो सुटला आणि १८६६ मध्ये यादी न्यूयॉर्कच्या ट्रिब्यून पत्राने छापली.

कार्यालय १८६८ मध्ये बंद झाले. व्याख्यानांच्या दगदगीने बार्टन यांचा आवाज गेला आणि विश्रांतीसाठी त्या युरोपला गेल्या. जिनिव्हात त्यांना रेड क्रॉसची माहिती झाली, फ्रान्स-प्रशिया युद्धात त्यांनी तिचे काम जवळून पाहिले, आणि परतल्यावर २१ मे १८८१ रोजी अमेरिकन रेड क्रॉसची स्थापना केली. पूर, वादळे, दुष्काळ यांतही रेड क्रॉसने धावून जावे हा आग्रह मुख्यतः त्यांचाच. १८८९ चा जॉन्सटाउनचा पूर आणि १९०० चे गॅल्व्हस्टनचे वादळ या वेळी त्या स्वतः तिथे होत्या. कारभार आणि हिशेब यांवरून झालेल्या वादांनंतर १९०४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. मेरिलंडमधील ग्लेन एको येथील घरी त्यांचे निधन झाले.

सातव्या रस्त्यावरील जागा सोडताना त्यांचे बरेचसे सामान तिथेच राहिले. घरमालक आणि स्नेही एडवर्ड शॉ यांनी ते टाकून न देता पोटमाळ्यावर ठेवले. पुढे वरचा मजला वापरातून गेला. खाली दुकाने चालत राहिली. १९९६ मध्ये ही इमारत पाडायची ठरली होती. सरकारी मालमत्ता सांभाळणाऱ्या विभागातील सुतार रिचर्ड लायन्स पाहणीसाठी आत शिरले असता त्यांना छतातून डोकावणारा एक लखोटा दिसला. वर चढून पाहिले तर कागदपत्रे, वर्तमानपत्रे, कपडे, पायमोजे आणि पत्र्याची एक पाटी : बेपत्ता सैनिकांचे कार्यालय, तिसरा मजला, खोली नऊ, मिस क्लारा बार्टन. एक हजाराहून अधिक वस्तू निघाल्या. नऊ क्रमांकाचा दरवाजाही पत्रे टाकण्याच्या फटीसह जागेवर होता. लायन्स यांनी गप्प बसून माल विकला नाही की पाडकाम होऊ दिले नाही. इमारत वाचली याचे पहिले श्रेय त्यांना द्यायला हवे. २०१५ मध्ये ते मजले संग्रहालय म्हणून खुले झाले. ते यादवी युद्धातील वैद्यकाच्या राष्ट्रीय संग्रहालयामार्फत चालवले जाते.

बार्टन यांच्या कागदपत्रांचा मुख्य संग्रह वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. रोजनिश्या, पत्रव्यवहार, व्याख्यानांचे खर्डे, रेड क्रॉसची दप्तरे असे सुमारे ६२,००० नग त्यात आहेत. अभ्यासकाने यांतील प्रत्येक प्रकार वेगळ्या नजरेने वाचावा. व्याख्याने युद्धानंतर, पैसे मोजून आलेल्या श्रोत्यांसमोर देण्यासाठी लिहिलेली आहेत. त्यांत प्रसंग रंगतात आणि वक्त्री केंद्रस्थानी येते. रोजनिशीच्या नोंदी त्रोटक आहेत. कधी हवा, कधी कोण भेटले, कधी पैशांची विवंचना, कधी दिवसेंदिवसची उदासी. बाहीच्या भोकाची हकीकत व्याख्यानांनी गाजवली. पण लेसी हाउसमधल्या मृतांची नावे मिळतात ती रोजनिशीतच, आणि इतिहासाच्या दृष्टीने त्यांचे वजन अधिक आहे. शिवाय त्या युद्धात हजारो स्त्रियांनी परिचारिका म्हणून काम केले आणि त्यांतील बहुतेकींचे नावापलीकडे काही उरलेले नाही. १८९२ मध्ये काँग्रेसने अशा परिचारिकांना दरमहा १२ डॉलर निवृत्तिवेतन देऊ केले, तेव्हा आपण सेवा केली हे सिद्ध करणेच अनेकींना जड गेले. कागद जपून ठेवण्याची बार्टन यांची सवय म्हणूनच अपवादात्मक ठरते.

ग्लेन एकोच्या घराला १९७४ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेत एखाद्या स्त्रीच्या कार्याला वाहिलेले ते पहिले स्थळ. लायब्ररी ऑफ काँग्रेसने संग्रहाच्या प्रतिमा सर्वांसाठी खुल्या केल्या असून, २०१८ पासून तिच्या लोकसहभागाच्या उपक्रमात स्वयंसेवक बार्टन यांच्या रोजनिश्यांतील हस्ताक्षर वाचून त्याची नक्कल उतरवत आले आहेत.