वळवाचे थेंब आणि कॅमेऱ्यातले ग्रेन

गेल्या आठवड्यात भाच्याचा फोन आला, थेट दुकानातनं. "मामा, समोर कॅमेऱ्याच्या दोन बॉडी ठेवल्यात, एक २४ मेगापिक्सेलची आणि एक ४५ ची. दुकानदार म्हणतोय ४५ ची घे, तिचा सेन्सर भारी आहे, अंधारात ग्रेन येत नाहीत. घेऊ का?" मी म्हटलं पैसे भरू नकोस, आधी घरी ये, चहा घे, मग बोलू.

भाचा सांगलीतल्या एका हौशी नाट्यसंघाचे फोटो काढतो, त्याच्या आधी बरीच वर्षं ते काम माझ्याकडं होतं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथं मराठी नाटक उभं केलं आणि दर ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन आला की गावाला अजूनही नाटकाचा ज्वर चढतो, त्यामुळं कॅमेरावाल्याला इथं काम कमी पडत नाही. पण नाटकाचे फोटो म्हणजे सेन्सरची, कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपची, खरी परीक्षा. फ्लॅश मारायचा नाही, मागं काळा पडदा, नट एका जागी थांबत नाही म्हणून शटर १/१२५ सेकंदापेक्षा जास्त वेळ उघडं ठेवता येत नाही, आणि प्रकाश किती मिळणार ते प्रकाशयोजनाकार ठरवणार. अशा वेळी फोटोत ते बारीक दाणे येतात, ज्याला आपण ग्रेन म्हणतो किंवा नॉईज म्हणतो, आणि मग सगळे म्हणतात सेन्सर हलका आहे, नवी बॉडी घे.

इथंच मोठा गैरसमज आहे. आजच्या कॅमेऱ्यात दिसणाऱ्या ग्रेनचा मोठा भाग सेन्सर तयारच करत नाही. तो प्रकाशातच असतो, सेन्सर तो फक्त प्रामाणिकपणे दाखवतो.

कसं ते सांगतो. एप्रिलमध्ये दुपारी चारनंतर आभाळ काळवंडतं, वारा सुटतो, बेदाण्याच्या शेडवर ताडपत्र्या ओढायची पळापळ होते, आणि गच्चीवर वळवाचे पहिले टपोरे थेंब पडतात. त्या वेळी एकदा गच्चीच्या फरशा नीट बघा. फरशी तापलेली असते, कोरडी असते, त्यामुळं थेंबाचा डाग स्पष्ट उठतो. एका फरशीवर चार डाग, शेजारच्या फरशीवर एकच, तिसरीवर सात. ढग काही कुठल्या फरशीवर जास्त मेहेरबान नसतो, पाऊस सगळीकडं सारखाच पडतोय, तरी गच्ची ठिपक्याठिपक्यांची दिसते. आणि दहा मिनिटांनी बघा, सगळ्या फरशा एकसारख्या ओल्या. तेव्हाही एका फरशीवर दहा हजार थेंब पडलेत आणि दुसरीवर नऊ हजार नऊशे, फरक आहेच, पण आता तो डोळ्याला जाणवत नाही.

थेंब जेव्हा एकमेकांना न विचारता, कुठंही, कधीही पडतात तेव्हा त्यांच्या मोजणीत फरक किती पडणार याचा नियम ठरलेला आहे: सरासरीचं वर्गमूळ. सरासरी ४ थेंब असतील तर साधारण २ इकडंतिकडं, म्हणजे थेट निम्मा फरक. सरासरी १०० असतील तर १० इकडंतिकडं, म्हणजे १० टक्के, दहातल्या जवळपास सात फरशा ९० ते ११० मध्ये सापडतील. सरासरी १०,००० असेल तर १०० चा फरक, म्हणजे फक्त १ टक्का. थेंब शंभरपट वाढले तर ठिपकेपणा दहापट कमी होतो. मला हा नियम फार आवडतो, कारण त्याला कुठलंही यंत्र लागत नाही, कंपनी लागत नाही, तो नुसत्या मोजण्यातनं येतो.

आता प्रकाश. १९०५ साली आइन्स्टाइननं मांडलं की प्रकाश सुट्या सुट्या कणांच्या रूपात शोषला जातो, त्या कणांना आपण फोटॉन म्हणतो. सेन्सर म्हणजे सिलिकॉनची गच्ची आणि पिक्सेल म्हणजे तिच्यावरच्या फरशा. फोटॉन सिलिकॉनमध्ये शिरला की एक इलेक्ट्रॉन मोकळा करतो, शटर बंद झालं की प्रत्येक पिक्सेलमध्ये किती इलेक्ट्रॉन साठले ते मोजायचं, बस, यालाच फोटो म्हणतात. फोटॉनही वळवाच्या थेंबांसारखेच, एकमेकांना न विचारता येतात, म्हणून वर्गमूळ इथंही आलंच.

भाच्याला मी त्याचाच एक फोटो लॅपटॉपवर मोठा करून दाखवला. म्हातारीच्या भूमिकेतली बाई, तोंडावर स्पॉट, अंगावर काळी शाल. गाल अगदी स्वच्छ, सुरकुती न् सुरकुती दिसतेय, आणि चार बोटं खाली शालीच्या घड्या दाण्यांनी भरलेल्या, जणू कुणी रांगोळी भुरभुरलीय. मी म्हटलं, फोटो एकच, सेन्सर एकच, आयएसओ (कॅमेऱ्यातलं उजळपणाचं सेटिंग) एकच, मग ग्रेन फक्त शालीतच का? आयएसओमुळं ग्रेन येत असते तर गालावर पण तेवढेच दिसायला पाहिजे होते. समज, गालावरच्या एका पिक्सेलला २५०० फोटॉन मिळाले, फरक ५० चा, म्हणजे २ टक्के. शालीवरच्या पिक्सेलला २५ मिळाले, फरक ५ चा, म्हणजे २० टक्के. शाल अजून पहिल्या थेंबांत आहे, गाल पूर्ण भिजलाय.

आयएसओ काय करतो मग? मोजून झालेला सिग्नल वाढवतो. सेन्सर काही जास्त प्रकाश धरायला लागत नाही. आपण आयएसओ वाढवतो कारण प्रकाश कमी असतो, आणि प्रकाश कमी म्हणून ग्रेन येतात, पण आळ येतो आयएसओवर.

यातनं एक गोष्ट निघते जी दुकानात कुणी सांगत नाही. आजचे चांगले सेन्सर त्यांच्यापर्यंत पोचलेल्या फोटॉनांपैकी निम्मे किंवा त्याहून जास्त पकडतात. म्हणजे उद्या कुणी एकही फोटॉन न सोडणारा सेन्सर जरी बनवला तरी प्रकाश फार तर दुप्पट मिळणार, आपल्या भाषेत एक स्टॉप. फिल्मपासून इथपर्यंत येताना खूप मोठी मजल मारली, १९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी, म्हणजे डिजिटल कॅमेऱ्यातला सुरुवातीचा सेन्सर, काढला आणि त्याबद्दल २००९ मध्ये नोबेल मिळालं, पण आता पकडण्यासारखे फोटॉनच फारसे उरले नाहीत. त्यामुळं "नवीन सेन्सर, अंधारात पाचपट चांगला" असं कुठं वाचलंत तर समजा ही कमाल दाणे पुसणाऱ्या सॉफ्टवेअरची आहे. असं सॉफ्टवेअर दाण्याबरोबर शालीची वीण पण पुसतं.

विषय निघालाच आहे तर अजून एक सांगतो. जुन्या वाड्यात, देवळात फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत पांढरे गोल दिसतात आणि मग ते व्हॉट्सअॅपवर "आत्मे" म्हणून फिरतात. ती लेन्सच्या अगदी पुढं उडणारी धूळ असते, फ्लॅशच्या उजेडात चमकलेली आणि फोकसमध्ये नसल्यामुळं गोल झालेली. घरात गादी झटका, फ्लॅश मारा, हवे तेवढे आत्मे मिळतील. कृपा करून असले फोटो पुढं पाठवू नका, लहान पोरं घाबरतात.

परत गच्चीवर येऊ. जास्त पाणी पाहिजे तर तीन उपाय: गच्ची मोठी पाहिजे, पाऊस जोराचा पाहिजे किंवा वेळ जास्त पाहिजे. वेळ म्हणजे शटर, नाटकात तो वाढवता येत नाही. गच्ची म्हणजे सेन्सरचं क्षेत्रफळ. फुल फ्रेम, म्हणजे जुन्या फिल्मएवढा सेन्सर, ३६ बाय २४ मिमी, म्हणजे ८६४ चौरस मिमी. त्याहून लहान क्रॉप सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६, म्हणजे ३६७ च्या आसपास. अजून लहान मायक्रो फोर थर्ड्स सेन्सर १७.३ बाय १३, म्हणजे २२५. सारख्याच अॅपर्चरला, म्हणजे लेन्स सारख्याच प्रमाणात उघडी असली तर, फुल फ्रेमला क्रॉपच्या सव्वादोनपटीहून थोडा जास्त प्रकाश मिळतो, सव्वा स्टॉपचा फायदा. आणि मेगापिक्सेल म्हणजे त्याच गच्चीवर फरशा किती बसवल्या. बारीक फरशा बसवल्या म्हणून गच्चीवर पाऊस कमी पडत नाही आणि मोठ्या बसवल्या म्हणून जास्त पडत नाही. एकाच मापाच्या सेन्सरवर २४ आणि ४५ मेगापिक्सेलचे फोटो सारख्याच आकारात छापले तर ग्रेन जवळपास सारखेच दिसतात. मोबाईलमध्ये २०० मेगापिक्सेल लिहितात तिथं फरशी ०.६ मायक्रॉनची असते, एवढीशी फरशी एकटी काही कामाची नाही म्हणून मोबाईल सोळा-सोळा फरशा एकत्र मोजतो आणि हातात साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतो.

राहिला पाऊस, म्हणजे लेन्स. बॉडीबरोबर येणारा किट झूम लांबच्या टोकाला एफ/५.६ वर जातो (एफचा आकडा लहान तितकी लेन्स जास्त उघडी). साधी, स्वस्तातली ५० एमएम एफ/१.८ त्याच्या साडेनऊपटीहून जास्त प्रकाश आत सोडते. साडेनऊपट! कुठलीही नवी बॉडी एवढा फरक पाडत नाही. आणि क्रॉपवर एफ/१.८ लावली की एकूण प्रकाश जवळपास फुल फ्रेमवरच्या एफ/२.८ एवढा होतो, जी एफ/२.८ झूम घ्यायला खिसा रिकामा करावा लागतो.

म्हणजे सेन्सर-सेन्सरमध्ये काहीच फरक नाही का? आहे, आणि तो मी स्वतः भोगलाय. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडं एक जुना डीएसएलआर होता. आयएसओ वाढवायची भीती म्हणून नाटकाच्या एका प्रयोगाला मी तो ४०० वरच ठेवला, फोटो तीन स्टॉप काळे आले, म्हटलं रॉ आहे, म्हणजे कॅमेऱ्यानं न शिजवलेली फाईल आहे, घरी उजळू. उजळले तर काळ्या पडद्यावर उभे पट्टे, एकसारखे, कंगवा फिरवल्यासारखे. संघाला स्मरणिकेत छापायला फोटो पाहिजे होते, एकही देता आला नाही, आणि तो प्रयोग परत कधी झाला नाही. त्याचं अजून वाईट वाटतं.

ते पट्टे प्रकाशातले नव्हते, ते खरोखर सेन्सरमधले होते. पिक्सेल म्हणजे वाटी धरली तर वाटीतलं पाणी मोजताना मोजणाऱ्याचा हात हलतो, त्याला रीड नॉईज म्हणतात, आणि हा इलेक्ट्रॉनमध्येच मोजतात. समजा एका पिक्सेलच्या वाटीत ५०,००० इलेक्ट्रॉन मावतात आणि मोजण्यातली चूक ३ इलेक्ट्रॉनची आहे, तर ५०,००० भागिले ३ म्हणजे १६,००० च्या वर, म्हणजे दोनाचा चौदावा घात, म्हणून १४ स्टॉप डायनॅमिक रेंज, म्हणजे एकाच फोटोत गडद ते उजळ एवढा पल्ला. चूक १२ झाली की सरळ दोन स्टॉप गेले. ही चूक कुठं होते तेही बघायला लागतं, कारण जुन्या सेन्सरमध्ये ती बरीचशी अॅम्प्लिफायरच्या नंतर, आकड्यात बदलताना व्हायची, त्यामुळं आधी आयएसओ वाढवला तर सिग्नल मोठा होऊन ती चूक त्यात बुडायची, आणि मी नेमकं उलटं केलं होतं. आता बऱ्याच सेन्सरमध्ये पिक्सेललाच दोन मापाच्या वाट्या असतात, कमी आयएसओला मोठी कपॅसिटन्स, म्हणजे विजेची साठवण, जोडतात म्हणजे जास्त इलेक्ट्रॉन मावतात, ठराविक आयएसओच्या वर ती सोडवतात म्हणजे एका इलेक्ट्रॉनमागं व्होल्टेज जास्त उठतं आणि चूक कमी होते. आलेखात तिथं अचानक पायरी दिसते. फोटॉन्स टू फोटोज या साइटवर असे आलेख बॉडीवार आहेत, ज्या बॉडी मनात आहेत त्या शेजारीशेजारी ठेवून बघा, सारख्या मापाच्या नव्या सेन्सरांच्या रेषा किती जवळजवळ जातात ते कळेल.

नाटकवाल्यांसाठी याहून मोठा फरक वाचण्याच्या वेगात आहे. सायलेंट, म्हणजे आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर लावलं की सेन्सर ओळीनं वाचला जातो, वरनं खाली, आणि काही बॉडींना त्याला १/१५ ते १/३० सेकंद लागतो. स्टेजवरचे एलईडी लाईट सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करतात, डोळ्याला कळत नाही, पण काही ओळी वाचल्या जातात तेव्हा लाईट चालू आणि पुढच्या ओळींना बंद, म्हणून फोटोवर आडवे पट्टे येतात. मेगापिक्सेल जास्त म्हणजे वाचायच्या ओळी जास्त, तिथं ४५ वाली बॉडी उलट मार खाऊ शकते. सोनीनं २०१७ मध्ये ए९ या बॉडीला स्टॅक्ड सेन्सर (मागंच मेमरी चिकटवलेला) दिला, तो साधारण १/१६० सेकंदात वाचून होतो, आणि २०२३ मध्ये ए९ थ्रीला ग्लोबल शटर आलं, सगळे पिक्सेल एकाच क्षणी. त्याच्या बदल्यात आयएसओ जरा वर, २५० पासूनच सुरू होतो.

भाच्याला मी सांगितलं, परत दुकानात जा, दोन्ही बॉडी हातात घे, दुकानातल्या एलईडीखाली सायलेंट शटर १/५०० ला लावून भिंतीचे फोटो काढ, पट्टे बघ. मग एक फोटो मुद्दाम तीन स्टॉप काळा काढ, रॉ घे आणि घरी उजळ. त्यानं केलं. ४५ वालीवर भिंत झेब्र्यासारखी आली, २४ वालीवर पट्टे होते पण पुसट.

२४ वाली क्रॉप बॉडी घेतली त्यानं, आणि उरलेल्या पैशात ५० एमएम एफ/१.८. परवा रंगीत तालमीचे रॉ पाठवले मला, सायलेंट नाही, साधं मेकॅनिकल शटर, १/१२५. तीच म्हातारी, तीच काळी शाल. मी तीन स्टॉप उजळून बघितली. दाणे आहेत, पण बारीक आहेत, त्यांच्याआड शालीच्या काठाची नक्षी दिसतेय, आणि मागच्या पडद्यावर उभा पट्टा एकही नाही.