पर्ड्यूचा खेळाडू घडतो कधी? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात जानेवारी लागला, बिग टेन या विद्यापीठांच्या गटातले बास्केटबॉलचे सामने रंगात आले, की एक वाद हमखास पेटतो. पर्ड्यू विद्यापीठाच्या एखाद्या गार्डचे, म्हणजे चेंडू खेळवणाऱ्या खेळाडूचे, थ्री-पॉइंटर (लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट) सलग तीन-चार सामने लागेनासे होतात आणि चाहत्यांत दोन तट पडतात. एक म्हणतो, पोरगा आहे तिथंच आहे, प्रशिक्षकांनी त्याला घडवलंच नाही. दुसरा म्हणतो, जरा दम धरा, लय येईल. पर्ड्यू हे नाव बऱ्याच मराठी घरांत अभियांत्रिकीच्या एम.एस.मुळे ठाऊक असतं. वेस्ट लाफायेतला गेलेली मुलं पहिल्या हिवाळ्यात पर्ड्यूच्या मॅकी अरीना या मैदानात जाऊन बसतात आणि बघता बघता याच वादात हिरिरीने उतरतात. त्यांना आणि इथं बसून खेळ पाहणाऱ्यांनाही हा वाद कुठून आला ते माहीत असलेलं बरं. कारण भांडण वरवर खेळाडूचं दिसलं, तरी त्यातलं निम्मं वेळेचं असतं. मुलाला मैदानावर किती मिनिटं मिळतात आणि विद्यापीठात किती वर्षं मिळतात, यावर सगळं फिरतं. आणि ही वर्षं ठरवणारे नियम गेल्या पन्नास-साठ वर्षांत पार उलटेपालटे झाले आहेत.

१९७२ पर्यंत पहिल्या वर्षाच्या मुलाला विद्यापीठाच्या मुख्य बास्केटबॉल संघातून खेळायलाच बंदी होती. त्याने पहिल्या वर्षवाल्यांच्या वेगळ्या संघात खेळायचं, सराव करायचा, अभ्यास सांभाळायचा. पुढे करीम अब्दुल-जब्बार म्हणून गाजलेला ल्यू अल्सिंडर १९६५ मध्ये यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात आला तेव्हा त्याच्या पहिल्या वर्षवाल्या संघाने देशात अव्वल मानल्या गेलेल्या स्वतःच्याच मुख्य संघाला ७५-६० असं हरवलं, आणि तरी तो वर्षभर बाहेरच. यूसीएलएचे प्रशिक्षक जॉन वुडन हे मूळचे पर्ड्यूचे खेळाडू, १९३२ चे पदवीधर. म्हणजे जे काही कच्चेपण असेल ते बंद दाराआड फिटायचं, चाहत्यांसमोर येईपर्यंत मुलगा बऱ्यापैकी तयार झालेला असायचा.

पर्ड्यूचा रिक मौंट याच पठडीतला. लेबनन या छोट्या गावचा, शाळेत असतानाच देशभर नाव झालेला. १९६९ च्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पर्ड्यूसमोर अल्सिंडरचं यूसीएलए होतं. मौंटने त्या दिवशी ३६ शॉट घेतले, १२ लागले. पर्ड्यू ७२-९२ असं हरलं. मौंटइतका सुंदर नेमबाज इंडियानाने क्वचितच पाहिला असेल, तरी तो ३६ पैकी १२ चा आकडा त्याच्या नावाला कायमचा चिकटला. ग्लेन रॉबिन्सनचंही तेच. अभ्यासाच्या पात्रता नियमामुळे १९९१-९२ चा मोसम त्याला बाहेर बसावं लागलं, नंतरच्या दोन वर्षांत तो देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९९४ च्या स्पर्धेत त्याने कॅन्ससविरुद्ध ४४ गुण केले आणि लगेच पुढच्या सामन्यात ड्यूकविरुद्ध १३. पर्ड्यू बाहेर. चाहत्यांच्या आठवणीत ४४ आणि १३ शेजारी शेजारी नांदतात, पण वाद घालताना १३ आधी बाहेर निघतो.

मधल्या काळात खेळाची जातच बदलली. १९८६-८७ च्या मोसमापासून देशभर थ्री-पॉइंट रेषा आली. आधी ती १९ फूट ९ इंचांवर होती, २००८ मध्ये एक फूट मागे सरकली आणि पुरुषांच्या खेळात २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतरावर, २२ फूट पावणेदोन इंचांवर गेली. बास्केटखालचा शॉट साठ टक्क्यांच्या आसपास लागतो, लांबचा पस्तीसच्या. जो शॉट तिनात दोनदा चुकणारच आहे त्यावर संघ उभा केला की चढउतार वाढणारच. आज ज्याला आपण 'फॉर्म गेला' म्हणतो त्यातला मोठा हिस्सा या रेषेने जन्माला घातला आहे.

थोडं गणित करून पाहू. एखादा मुलगा खरोखरच ३७ टक्क्यांचा नेमबाज आहे, सामन्याला पाच थ्री घेतो. दहा सामन्यांत पन्नास शॉट, म्हणजे १८-१९ लागायला हवेत. पण निव्वळ योगायोगाने, हात, मन, तब्येत सगळं ठीक असताना, पन्नासपैकी १३ किंवा त्याहून कमी लागण्याची शक्यता साधारण सात टक्के असते. एका संघात असे चार नेमबाज धरा, मोसमात दहा-दहा सामन्यांचे तीन टप्पे धरा. निदान एकाच्या वाट्याला निदान एक असा टप्पा येण्याची शक्यता अर्ध्याहून जास्त निघते. म्हणजे बहुतेक मोसमांत कुणी ना कुणी 'बिघडलेला' सापडणारच, आणि त्याच्यावरून वादही होणारच. दहा सामने म्हणजे सव्वा महिना. तेवढ्या वेळात प्रशिक्षकाचा राजीनामाही मागून होतो.

याची उलट बाजूही तितकीच जुनी. हात तापला की लागतच राहतात, असं खेळाडू छातीठोकपणे सांगतात. १९८५ मध्ये गिलोविच, व्हॅलोन आणि ट्वर्स्की यांनी फिलाडेल्फिया सेव्हंटी-सिक्सर्सचे आकडे आणि कॉर्नेल विद्यापीठाच्या खेळाडूंचे शॉट तपासून हा भास असल्याचं म्हटलं. तीसेक वर्षं ते प्रमाण मानलं गेलं. २०१८ मध्ये मिलर आणि सानहुर्हो यांनी त्या हिशेबातली एक बारीक गफलत दाखवली. ती दुरुस्त केली तर त्याच आकड्यांत तापलेल्या हाताची खूण दिसते. थोडक्यात, चाहते अगदीच वेडे नव्हते. फक्त त्यांना वाटतं तितका तो परिणाम मोठा नाही.

कार्सन एडवर्ड्सचा २०१९ चा मोसम या सगळ्याचा नमुना म्हणून पाहावा. १९ फेब्रुवारीला कट्टर प्रतिस्पर्धी इंडियाना विद्यापीठाच्या मैदानावर त्याने २४ शॉट घेतले आणि चार लागले. पर्ड्यू कसंबसं ४८-४६ असं जिंकलं, म्हणून ओरड जरा दबली. पण मोसमाच्या त्या टप्प्यात तो एकूणच झगडत होता. सगळा भार एकट्यावर, समोरचे दोघे दोघे अंगावर, शॉट घाईचे. 'याला बसवा' म्हणणाऱ्यांची संख्या कमी नव्हती. प्रशिक्षक मॅट पेंटर यांनी त्याला बसवलं नाही. मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत एडवर्ड्सचे गुण असे: ओल्ड डोमिनियनविरुद्ध २६, गतविजेत्या व्हिलानोव्हाविरुद्ध ४२, टेनेसीविरुद्ध २९, व्हर्जिनियाविरुद्ध पुन्हा ४२. चार सामन्यांत २८ थ्री-पॉइंटर. मिशिगनच्या ग्लेन राइसचा १९८९ चा २७ चा विक्रम सहा सामन्यांतला होता. व्हर्जिनियाच्या मामादी डियाकिटेने शेवटच्या क्षणी बरोबरी साधली नसती तर पर्ड्यू उपांत्य फेरीत असतं. जादा वेळेत ते ७५-८० असं हरलं. फेब्रुवारीतला एडवर्ड्स आणि मार्चमधला एडवर्ड्स यांत महिन्याभराचं अंतर आहे. एवढ्यात कुणी 'घडत' नसतं.

घडणं म्हणजे काय हे पाहायचं तर झॅक ईडीकडे वळावं लागतं. टोरांटोचा हा मुलगा लहानपणी आइस हॉकी आणि बेसबॉल खेळायचा, बास्केटबॉल त्याने शाळेच्या शेवटच्या काही वर्षांत धरला. भरती करणाऱ्यांच्या यादीत तो चारशेच्याही पलीकडे होता. उंची सात फूट चार इंच, पण तेव्हा बहुतेकांना त्यात धीमेपणा दिसला. पर्ड्यूत २०२०-२१ पासून चार मोसमांत त्याची सरासरी अशी चढली: ८.७, १४.४, २२.३, २५.२. शेवटच्या दोन्ही वर्षी तो देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, जे राल्फ सॅम्पसननंतर कुणाला साधलं नव्हतं.

पर्ड्यूची बाजू घेणारे ही शिडी दरवेळी पुढे करतात. पण शेजारी मिनिटं मांडून बघा. सामन्याला १४.७, १९.०, ३१.७, ३२.०. आता चाळीस मिनिटांमागे गुण काढले तर साधारण २४, ३०, २८ आणि ३१ येतात. खरी उडी पहिल्या आणि दुसऱ्या वर्षांच्या मध्ये पडली, जेव्हा तो ट्रेव्हियन विल्यम्सबरोबर वेळ वाटून घेत होता आणि फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. ज्या तिसऱ्या वर्षी 'केवढा सुधारला!' असा गजर झाला, त्या वर्षी दर मिनिटाचा हिशेब किंचित खालीच आला. त्या वर्षी वाढली ती मिनिटं. यात प्रशिक्षणाचा वाटा नाही असं अजिबात नाही. एवढ्या अगडबंब शरीराने बत्तीस मिनिटं पळायचं, फाउल न करता बचाव करायचा, अंगावर दोघे घेऊनही चेंडू सांभाळायचा, ही दमाची कमाई वर्षांनी येते. पण ती येईपर्यंत त्याला कुणी हलवलं नाही आणि तोही कुठे गेला नाही.

त्याच तिसऱ्या वर्षी, १७ मार्च २०२३ रोजी, कोलंबसमध्ये पर्ड्यूची नाचक्की झाली. सोळाव्या, म्हणजे सर्वांत खालच्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनने, देशातल्या सर्वांत बुटक्या संघाने, त्यांना ६३-५८ असं घरी पाठवलं. ईडीने २१ गुण केले आणि १५ रिबाउंड (हुकलेल्या शॉटचे चेंडू) घेतले. संघाचे २६ थ्रीपैकी पाच लागले. ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर हे दोन्ही गार्ड पहिल्या वर्षाचे, मोसमभर पहिल्यापासून मैदानात. शाळेच्या मोसमात पंचवीसेक सामने, इथे पस्तीस, शिवाय प्रवास, वर्ग, परीक्षा आणि अंगाने दांडगे झालेले बावीस-तेवीस वर्षांचे प्रतिस्पर्धी. फेब्रुवारी-मार्चमध्ये अशा मुलांचे पाय जड होतात आणि लांबचा शॉट सगळ्यात आधी तोकडा पडायला लागतो. 'हे दोघे या पातळीचे नाहीत' हे वाक्य त्या आठवड्यात सर्रास ऐकू येत होतं. लॉयरचे त्या मोसमात थ्री साधारण एक तृतीयांश लागले होते, पुढच्या वर्षी तो चाळीस टक्क्यांच्या वर गेला. स्मिथ २०२५ मध्ये बिग टेनचा सर्वोत्तम खेळाडू झाला.

२०२४ मध्ये हाच संघ १९८० नंतर पहिल्यांदा उपांत्य फेरीत आणि तिथून अंतिम सामन्यात पोचला. कनेक्टिकटने त्यांना ७५-६० असं हरवलं. ईडीचे ३७ गुण. आणि थ्री? सात घेतले, एक लागला. हा सामना नेमबाजांच्या 'बॅडपॅच'मध्ये मोजणारे अजून भेटतात, मला ते पटत नाही. वर्षभर ज्यांचे चाळीस टक्के थ्री लागत होते त्यांनी अख्ख्या सामन्यात सातच प्रयत्न केले, याचा अर्थ शॉट मिळूच दिले नाहीत. कनेक्टिकटचे प्रशिक्षक डॅन हर्ली यांच्या संघाने ईडीला एकट्या सेंटरवर, म्हणजे बास्केटजवळच्या उंच खेळाडूवर सोडलं आणि बाकीचे नेमबाजांना चिकटून राहिले. किती लागले हे विचारण्याआधी किती घेतले हे पाहिलं, तर निम्मी भांडणं सुरूच होणार नाहीत.

आता नियमांकडे परत यावं लागेल, कारण ईडीसारखी शिडी उभी राहायला लागणारी चार वर्षंच आता कुणी गृहीत धरत नाही. तसा पहिला धक्का वरून आला. १९७१ च्या स्पेन्सर हेवुड खटल्यानंतर एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये जाण्याआधी शाळेनंतर चार वर्षं थांबण्याची सक्ती मोडली, १९९५ मध्ये केव्हिन गार्नेट थेट शाळेतून एनबीएत गेला, आणि २००६ पासून एनबीएने १९ वर्षांची अट घातल्यावर एका वर्षापुरते विद्यापीठात येणारे तारे तयार झाले. केंटकीने त्यावर २०१२ चं विजेतेपद काढलं. पर्ड्यूसारख्यांच्या वाट्याला असे तारे येतच नव्हते, त्यामुळे त्यांना फरक पडला नाही. उलट चार वर्षं टिकणारी मुलं हीच त्यांची पुंजी झाली. दुसरा धक्का मात्र आतून आला. ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, उघडलं. २०२१ मध्ये एकदा विद्यापीठ बदलताना वर्षभर बसण्याची अट गेली, त्याच वर्षी १ जुलैला खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमवायची मुभा मिळाली. वेस्ट व्हर्जिनियातल्या न्यायालयाच्या डिसेंबर २०२३ च्या आदेशानंतर २०२४ मध्ये बदलांवरची मर्यादाच उठली. जून २०२५ च्या तडजोडीनंतर विद्यापीठं स्वतः खेळाडूंना पैसे वाटू लागली, सगळे खेळ मिळून पहिल्या वर्षाची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर.

भरीला सट्टा आहे. इंडियानात तो २०१९ पासून कायदेशीर आहे. मुलाचे पाच थ्री हुकले की आता नुसता चाहता चिडत नाही, त्याच्या गुणांवर पैसे लावलेला माणूस त्याला थेट शिव्या पाठवतो. महाविद्यालयीन खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनी २०२४ मध्ये महाविद्यालयीन खेळाडूंच्या वैयक्तिक कामगिरीवरचे सट्टे राज्यांनी बंद करावेत अशी मागणी केली, ती याच कारणाने. काही राज्यांनी ते केलं, काहींनी नाही.

या बाजारात रेडशर्ट, म्हणजे मुलाने एक अख्खा मोसम सराव करत बाहेर काढायचा आणि खेळण्याचं वर्ष वाचवायचं, ही जुनी वहिवाट जवळजवळ मोडीत निघाली. पर्ड्यूने ती टिकवली. ट्रे कॉफमन-रेन २०२१-२२ मध्ये असा बसला, मग दोन मोसम ईडीच्या सावलीत खेळला. ईडी गेल्यावर २०२४-२५ मध्ये त्याची सरासरी ६.४ वरून २०.१ वर गेली. इथेही पुन्हा मिनिटं आणि चेंडू. स्मिथ, लॉयर आणि कॉफमन-रेन तिघेही थांबले, आणि २०२५-२६ च्या मोसमाआधी एपी या वृत्तसंस्थेने काढलेल्या यादीत पर्ड्यू अव्वल ठरलं; मोसमपूर्व यादीत असं इतिहासात पहिल्यांदा झालं.

पण मिनिटं चाळीसच असतात. जुने टिकले की नव्यांना जागा उरत नाही. २०२५ च्या वसंतात माइल्स कोल्विन वेक फॉरेस्टला गेला आणि अंतिम सामन्यातल्या त्या जबरदस्त डंकमुळे लक्षात राहिलेला कॅमडेन हाइड टेक्सासला. दोघांच्याही बाबतीत 'पेंटरने यांना घडवलं नाही' आणि 'यांना धीर नव्हता' असे दोन्ही आरोप झाले. मला पहिला पटत नाही आणि दुसरा अन्यायाचा वाटतो: दोन वर्षं ज्याला धड वीस मिनिटंही मिळाली नाहीत, त्याने दुसरीकडे ती मागितली तर त्यात अधीरपणा कुठला?