टॉर्क, कमी फेऱ्यांवरील

मोटारीच्या इंजिनातील क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा मुख्य दांडा) सावकाश, म्हणजे मिनिटाला साधारण १,००० ते २,५०० फेरे या टप्प्यात फिरत असताना त्यावर मिळणारा पीळ. या टप्प्याच्या सीमा काटेकोर नाहीत. जड डिझेल इंजिनांसाठी तो आणखी खाली, छोट्या पेट्रोल इंजिनांसाठी थोडा वर धरतात. टॉर्कला मराठीत परिबल, आघूर्ण, पीळ असे पर्याय वापरलेले आढळतात. गावात मात्र ‘पिकअप’ आणि ‘ओढ’ हेच शब्द चालतात, आणि ‘गाडी ओढत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा याच गुणाविषयी असते. रोजच्या वापरात, त्यातही विदर्भाच्या ग्रामीण भागात, माहितीपत्रकावर ठळक छापलेल्या अश्वशक्तीपेक्षा हा गुण जास्त उपयोगी पडतो.

संज्ञा व पूर्वपीठिका : ‘टॉर्क’ हा शब्द पिळणे या अर्थाच्या लॅटिन ‘टॉर्क्वेरे’ या धातूपासून आला, याविषयी दुमत नाही. तो यंत्रशास्त्रात कोणी रूढ केला, याविषयी मात्र आहे. १८८४ साली तो छापील स्वरूपात दोन ठिकाणी दिसतो. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिन यांचे थोरले बंधू जेम्स टॉमसन यांनी तो सुचवला असे सामान्यतः मानतात. त्याच वर्षी सिल्व्हेनस टॉम्प्सन यांच्या डायनॅमोविषयक ग्रंथातही तो आढळतो. आडनावे जवळजवळ सारखी असल्याने दोघांची गल्लत सहज होते. श्रेय जेम्स टॉमसन यांना देण्याकडे कल अधिक आहे.

अश्वशक्तीचा इतिहास याहून जुना व अधिक वादाचा आहे. थॉमस सेव्हरी यांनी १७०२ मध्येच आपल्या पाणी उपसण्याच्या यंत्राची तुलना घोड्यांशी केली होती. पण आकडा बांधला तो जेम्स वॉट यांनी, बहुधा १७८२-८३ च्या सुमारास. तो कसा बांधला याच्या निरनिराळ्या हकिकती प्रचलित आहेत. एका हकिकतीप्रमाणे चक्कीला जुंपलेला घोडा १२ फूट त्रिज्येच्या रिंगणात तासाला १४४ फेरे घालतो आणि १८० पौंडांच्या जोराने ओढतो, असे वॉट यांनी धरले. त्यातून मिनिटाला सुमारे ३२,५७२ फूट-पौंड एवढे काम निघते आणि ते पुढे ३३,००० असे पूर्णांकात घेतले गेले. दुसरीप्रमाणे त्यांनी कोळशाच्या खाणीतील तट्टांचे काम मिनिटाला २२,००० फूट-पौंड मोजले व घोड्यासाठी त्यात निम्म्याची भर घातली. मद्यनिर्मितीच्या कारखान्यातील घोड्यावर प्रयोग करून ३२,४०० हा आकडा मिळाल्याचेही सांगतात. त्यांच्या आधी जॉन स्मीटन यांनी केलेला अंदाज बराच कमी, २२,९०० च्या आसपास होता. म्हणजे वॉट यांचा घोडा सशक्तच म्हणायला हवा. या हकिकतींपैकी रिंगणाची पहिली हकिकत अधिक ग्राह्य वाटते, कारण तिच्यात त्रिज्या, जोर आणि फेरे या तिन्ही राशी स्वतंत्रपणे दिलेल्या आहेत.

प्रस्तुत विषयासाठीही तीच हकिकत मोलाची आहे. १८० पौंड गुणिले १२ फूट म्हणजे २,१६० फूट-पौंड, आजच्या एककात सुमारे २,९३० न्यूटन-मीटर एवढा टॉर्क. आणि वेग मिनिटाला जेमतेम २.४ फेरे. एका घोड्याचा हा पीळ आजच्या कुठल्याही घरगुती मोटारीच्या इंजिनापेक्षा कितीतरी पट मोठा आहे, तरी त्याची शक्ती एकच अश्वशक्ती. वर्ध्याला मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या कामातून सुधारलेली ‘वर्धा घाणी’ ज्यांनी पाहिली असेल, त्यांना हे गणिताशिवाय कळेल. घाणीचा बैल संथ फिरतो. तेल निघते ते त्याच्या ओढीने. शक्ती ही ओढ आणि वेग यांच्या गुणाकारातून येते. त्यामुळे नुसता गुणाकार सांगितला तर दोन्ही अवयव झाकले जातात.

परस्परसंबंध : टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये घेऊन त्याला मिनिटातील फेऱ्यांनी गुणले व ९,५४९ ने भागले की शक्ती किलोवॅटमध्ये मिळते; एक मेट्रिक अश्वशक्ती म्हणजे ७३५.५ वॅट. प्रयोगशाळेतील डायनॅमोमीटरवर पीळ आणि फेरे मोजले जातात, शक्ती हिशेबाने काढली जाते. गास्पार द प्रोनी यांच्या १८२१ मधील, पीळ मोजण्यासाठी केलेल्या ब्रेकपासून ही रीत चालत आली आहे. जुन्या माहितीपत्रकांत टॉर्क किलोग्रॅम-मीटरमध्ये दिलेला असतो, त्याला ९.८१ ने गुणावे.

माहितीपत्रकातील अश्वशक्ती ही कमाल शक्ती असते व ती ठरावीक, बहुधा बऱ्याच चढ्या फेऱ्यांवरच मिळते. स्विफ्टच्या १.२ लिटर पेट्रोल इंजिनाच्या २०१८ च्या आवृत्तीची कमाल शक्ती सुमारे ८३ अश्वशक्ती, पण ६,००० फेऱ्यांवर. कमाल टॉर्क ११३ न्यूटन-मीटर, ४,२०० फेऱ्यांवर. बोलेरोच्या १.५ लिटर डिझेल इंजिनाची शक्ती ३,६०० फेऱ्यांवर सुमारे ७५ अश्वशक्ती, पण १,६०० ते २,२०० फेऱ्यांच्या पट्ट्यात टॉर्क २१० न्यूटन-मीटर. १,६०० फेऱ्यांवर हिशेब केला तर डिझेल इंजिन जवळजवळ ४८ अश्वशक्ती देत असते. त्याच फेऱ्यांवर पेट्रोल इंजिनाचा टॉर्क सढळपणे ९५ धरला तरी शक्ती २२ च्या आतच राहते. कागदावर आठ अश्वशक्तींनी पुढे असलेली गाडी चालकाच्या पायाखाली निम्म्याहून मागे असते. ६,००० फेऱ्यांपर्यंत इंजिन नेण्याची वेळ बहुतेक चालकांवर वर्षात क्वचितच येते.

टॉर्क फेऱ्यांप्रमाणे का बदलतो, याचे मुख्य कारण हवा हे आहे. प्रत्येक खेपेला सिलिंडर किती भरतो यावर पीळ ठरतो. झडपा उघडण्या-मिटण्याच्या वेळा आणि हवेच्या नळीची लांबी एखाद्या वेगालाच नेमकी जुळते. त्याहून कमी वेगाला भरण अपुरे राहते, त्याहून जास्त वेगाला हवेला आत शिरायला वेळ पुरत नाही व घर्षणही वाढते. टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) नसलेल्या साध्या पेट्रोल इंजिनाला दर लिटरमागे ८५ ते १०० न्यूटन-मीटरच्या पलीकडे जाणे कठीण असते. मारुती ८०० चे ७९६ घन सेंटिमीटरचे इंजिन ५९ न्यूटन-मीटर देई, पण २,५०० फेऱ्यांवरच, आणि गाडी हलकी होती. गावोगावी तिच्याविषयी जी आपुलकी उरली आहे, तिच्यात या जुळणीचा मोठा वाटा असावा. डिझेल इंजिनात हवेची वाट थ्रॉटलने, म्हणजे हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेने, अडवलेली नसते, दाबगुणोत्तर जास्त असते, पिस्टनचा पल्ला सहसा लांब असतो आणि टर्बो जादा हवा कोंबतो. २००५ साली आलेल्या, ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टाटा एसच्या दोन सिलिंडरी डिझेल इंजिनाची शक्ती १६ अश्वशक्तीच होती. पाऊण टन माल वाहायला ती पुरली, कारण पीळ २,००० फेऱ्यांच्या आसपास मिळत होता आणि गिअर त्याला साजेसे होते.

विदर्भातील वापर : परतवाड्याहून सुमारे १,१०० मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्याकडे चढणारा घाट उदाहरणादाखल घेऊ. माणसे व सामानासह १,५०० किलोग्रॅमची गाडी बारास एक (बारा मीटर अंतराला एक मीटर उंची) चढावर ताशी ३० किलोमीटरने न्यायची तर सुमारे १,४५० न्यूटन ओढ लागते. त्यासाठी लागणारी शक्ती जेमतेम १६-१७ अश्वशक्ती आहे. ८३ अश्वशक्तींच्या गाडीला हे कठीण जायला नको, तरी जाते. तिसऱ्या गिअरमध्ये या वेगाला इंजिन १,४०० फेऱ्यांच्या आसपास असते व त्याच्याकडून, घट धरून, सुमारे ९० न्यूटन-मीटर मागितले जातात. छोट्या पेट्रोल इंजिनाजवळ तेथे तेवढेच, किंवा थोडे कमीच असतात. मग वळणावर गाडी गचके खाते, दुसरा गिअर टाकावा लागतो, हाफ क्लचवर पाय राहतो आणि क्लचप्लेट जळल्याचा वास येतो. उंचीवर हवा विरळ होत जाते, त्यामुळे टर्बो नसलेल्या इंजिनाचा पीळ वर पोहोचेपर्यंत आणखी दहाएक टक्के घटतो.

घाट विदर्भाच्या थोड्या भागातच आहेत. पांदण रस्ता मात्र जवळपास प्रत्येक गावाला आहे. गावापासून वावरापर्यंतच्या या वाटेवर वऱ्हाडातली काळी माती पावसाळ्यात फुगून मऊ होते. डांबरी रस्त्यावर चाकाचा रोध गाडीच्या वजनाच्या दीड टक्क्याच्या आसपास असतो, ओल्या मऊ मातीत तो दहा टक्के किंवा त्याहून जास्त होतो. त्याच १,५०० किलोग्रॅमच्या गाडीला सपाट पांदणीतून जाताना जवळपास वरच्या घाटाएवढीच ओढ लागते, आणि तीही चालण्याच्या वेगाने, म्हणजे इंजिनाच्या अगदी खालच्या फेऱ्यांवर. अशा वेळी एक्सलेटर दाबून फेरे वाढवले की चाक जागच्या जागी फिरते व रुतते. येथे टॉर्क केवळ जास्त असून भागत नाही, तो सावकाश वाढणारा लागतो. कापूस जिनिंगला नेणाऱ्या पिकअपचे चालक दुसऱ्या गिअरमध्ये एकसारखा पाय ठेवून चिखल पार करतात. बंडीचे बैल हाकताना झटका न देता ओढ धरून ठेवण्याची रीत आहे, तीच ही. वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागेतून क्रेट भरून निघणाऱ्या गाड्यांनाही तीच लागते.

उन्हाळ्याचा परिणाम याविषयीच्या लेखनात फारसा विचारात घेतला जात नाही, ही उणीव आहे. चंद्रपूर, नागपूर, अकोला येथे पारा ४५ अंशांवर जातो. २५ अंशांच्या तुलनेत अशी हवा सहाएक टक्के विरळ असते व पीळ त्या मानाने कमी मिळतो. त्यात एसीचा कॉम्प्रेसर दोन-तीन किलोवॅट खातो. ६,००० फेऱ्यांवर ही घट नगण्य असली तरी १,५०० फेऱ्यांवर ७५ न्यूटन-मीटर देणाऱ्या एक लिटर इंजिनाजवळ एकूण १२ किलोवॅटच असतात. त्याचा चौथा हिस्सा थंडाव्यावर गेला की ट्रॅक्टरला मागे टाकणे जिवावर बेतू शकते. मे महिन्यात लग्नाच्या वऱ्हाडाने भरलेली गाडी एसी बंद करून चढ चढते, ती यामुळे.

मतभेद : काही अभियंत्यांच्या मते टॉर्क-अश्वशक्ती हा वादच फसवा आहे. गिअरपेटी पीळ हवा तेवढा वाढवून देते. दिलेल्या वेगाला चाकावर किती ओढ मिळेल हे अखेर शक्तीवरच ठरते, तेव्हा खालचा गिअर टाका आणि फेरे वाढवा, असे ते म्हणतात. भौतिकीच्या दृष्टीने हे बिनचूक आहे. परंतु त्यात चालक सतत योग्य गिअरमध्ये असतो, असे गृहीत धरलेले असते. खड्डा, गुरे, गतिरोधक, बाजाराची गर्दी यांतून जाताना दर वेळी गिअर बदलायचा तर वेळ, इंधन आणि क्लच तिन्ही खर्ची पडतात. तेव्हा कमाल शक्तीपेक्षा ‘गिअर न बदलता हाताशी असलेली शक्ती’ हे माप रोजच्या गाडीला अधिक लागू पडते, आणि कमी फेऱ्यांवरचा टॉर्क म्हणजे तेच माप. हे मत अधिक समतोल वाटते.

कमाल टॉर्कचा आकडाही एकट्याने पुरेसा नसतो. लहान टर्बो-डिझेल इंजिनांत टर्बोला वेग येईपर्यंत, साधारण १,५०० ते १,८०० फेऱ्यांखाली, ओढ अगदीच बेताची असते. १.३ लिटरच्या लोकप्रिय डिझेल इंजिनाचा टॉर्क २,००० फेऱ्यांवर १९० न्यूटन-मीटर होता, तरी गतिरोधक ओलांडून दुसऱ्या गिअरमध्ये उठताना ते अडखळत असे. गाडी पाहताना आकड्याशेजारी छापलेले फेरे वाचावेत, आणि जमल्यास घरची माणसे बसवून चढावर चालवून पाहावी.

अलीकडील स्थिती : २००६ च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरपेक्षा आखूड गाड्यांना करसवलत मिळाली, ती पेट्रोलसाठी १,२०० व डिझेलसाठी १,५०० घन सेंटिमीटरपर्यंत. त्यामुळे साध्या पेट्रोल गाड्यांचा टॉर्क ११५ न्यूटन-मीटरच्या आसपासच अडकला. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ हे वाहनांच्या धुराविषयीचे निकष लागू झाल्यावर अनेक छोटी डिझेल इंजिने बाजारातून गेली. त्यांची जागा टर्बो-पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांनी घेतली. सीएनजीवर वायू सिलिंडरातील हवेची जागा व्यापतो, त्यामुळे पीळ कमी होतो. विजेच्या मोटारीला शून्य फेऱ्यांपासून जवळजवळ पूर्ण टॉर्क मिळतो.

ट्रॅक्टर आजही अश्वशक्तीनेच ओळखला जातो. त्याचे इंजिन मुळात २,००० फेऱ्यांच्या आसपास चालते, म्हणून तेथे कमाल शक्ती आणि कमाल टॉर्क यांच्या फेऱ्यांत फारशी तफावत पडत नाही. नांगर अडला की फेरे पडताना पीळ किती वाढतो, हे कास्तकार पाहतो. याउलट नागपूरहून निघणाऱ्या समृद्धी महामार्गावर, डिसेंबर २०२२ पासून, ताशी १२० किलोमीटरची मोकळीक आहे. तेथे हवेचा रोध भेदायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि अश्वशक्तीचा आकडा खऱ्या अर्थाने कामी येतो. तरी मध्यम आकाराच्या कारला त्या वेगाने सपाटीवर चालत राहायला ३० अश्वशक्तींच्या आसपासच पुरते.