गाडीचं पासिंग आणि विम्याचा हप्ता

लातूर-नांदेडकडचा मुलगा पुण्यात नोकरीला लागतो, पहिली गाडी घ्यायची ठरते आणि घरात वाद सुरू होतो: पासिंग गावाकडचं की पुण्याचं? एमएच-२४ किंवा एमएच-२६ घेतलं तर विमा स्वस्त पडतो, असं एखादे मामा ठासून सांगतात. मामा खोटं बोलत नाहीत. फक्त किती स्वस्त, हे सांगत नाहीत.

या समजुतीचं मूळ सरकारी दरपत्रकात आहे. पूर्वी गाडीच्या विम्याचे दर कंपन्या ठरवत नसत, ते टॅरिफ ॲडव्हायझरी कमिटी ठरवायची. १ जुलै २००२ पासून लागू झालेल्या इंडिया मोटर टॅरिफने खासगी गाड्यांसाठी देशाचे दोनच भाग केले. झोन ए मध्ये मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, अहमदाबाद आणि हैदराबाद ही आठ शहरं. उरलेला सगळा देश झोन बी. संभाजीनगर आणि हिंगोली एकाच पंगतीत. (१९५६ पर्यंत आपली, म्हणजे मराठवाड्याची, राजधानी असलेलं हैदराबाद मात्र वरच्या पाटावर.) आणि झोन ठरायचा तो नोंदणी करणाऱ्या आरटीओवरून. मालक राहतो कुठे, गाडी उभी असते कुठे, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं.

आता मामांचा हिशेब. हजार सीसीपर्यंतच्या, पाच वर्षांच्या आतल्या गाडीला ओडीचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा दर झोन ए मध्ये ३.१२७ टक्के आणि झोन बी मध्ये ३.०३९ टक्के होता. आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी मानलेली गाडीची किंमत, ५ लाख धरली तर फरक ४४० रुपये. एवढ्यासाठी पासिंगला गावी जायचं, तर तेलाचेच पैसे जास्त होतात.

१ जानेवारी २००७ पासून ओडीचे दर खुले झाले आणि कंपन्या आपापले आडाखे बांधू लागल्या. ऑनलाइन विमा काढताना आधी आरटीओचा क्रमांक विचारतात तो यामुळेच. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याच्या केलेल्या नुकसानीचा, हप्ता मात्र सरकारच ठरवतं आणि तो परळीत आणि पुण्यात सारखाच असतो: जून २०२२ च्या दरांत हजार सीसीपर्यंतच्या कारला वर्षाला २,०९४ रुपये. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तो तीन वर्षांचा एकदम भरावा लागतो. नवख्याच्या खिशाला पहिला चटका बसतो तो इथे.

पत्त्यावरून खरा दणका बसतो तो बाहेरच्या देशांत. ब्रिटनमध्ये पोस्टकोड आणि चालकाचं वय या दोन्हींवरून हप्ता चढतो. कॅलिफोर्नियात तर लोकांनी १९८८ मध्ये मतदान करून प्रस्ताव १०३ मंजूर केला. चालकाची नोंद, वर्षाचं अंतर आणि अनुभव यांना पत्त्यापेक्षा जास्त वजन द्या, असं त्यात बजावलं.

आपल्याकडे विमा गाडीभोवती फिरतो. नवख्याला महाग पडतो तो नो क्लेम बोनसच्या शून्यामुळे. क्लेम न करता पहिलं वर्ष गेलं की ओडीवर २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५०. ४४० रुपयांची त्यापुढे काय मातब्बरी! वडिलांचा ५० टक्के बोनस मुलाच्या गाडीला लावता येईल का, हे एजंटाला हमखास विचारलं जातं. तो बोनस मालकाचा असतो, आणि मालक हयात असेपर्यंत मुलाकडे जात नाही.