संशोधन विदा अभिलेखागार : सोलापूर जिल्ह्याच्या संदर्भात

संशोधनासाठी गोळा केलेली मूळ माहिती तपासून, तिचे वर्णन जोडून, दीर्घकाळ जपणारी आणि ठरलेल्या अटींवर इतर अभ्यासकांना वापरायला देणारी व्यवस्था. सर्वेक्षणाचे तक्ते, मुलाखतींचे ध्वनिमुद्रण, पर्जन्यमापकाच्या नोंदी, रडारची मोजमापे, छायाचित्रे असे काहीही तिच्यात येते. छापलेला प्रबंध ग्रंथालयात जातो; त्यामागची प्रश्नावली आणि एक्सेलची फाइल कुठे जाते, हा या व्यवस्थेचा विषय. मराठी परिभाषेत ‘विदा’ आणि ‘आधारसामग्री’ हे शब्द आहेत. प्रत्यक्ष काम करणारे मात्र सर्रास ‘डेटा’च म्हणतात, आणि त्यात काही बिघडत नाही.

ग्रंथालय आणि अभिलेखागार यांच्यात एक मूलभूत फरक आहे. पुस्तक शंभर वर्षे कपाटात पडून राहिले तरी वाचता येते. विदा तशी राहत नाही. फाइल उघडणारे सॉफ्टवेअर बंद पडते, रकान्यांच्या नावांचा अर्थ सांगणारा माणूस निवृत्त होतो, पेनड्राइव्ह दगा देतो. ५१६ शोधनिबंधांमागची विदा मागून पाहणारा एक अभ्यास २०१४ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. निबंध जुना होत जाईल तशी त्यामागची विदा शाबूत असण्याची शक्यता दर वर्षी सुमारे १७ टक्क्यांनी घसरते, असे त्यात दिसले. ईमेलचे पत्ते मेलेले होते आणि उरलेली विदा जुन्या, आता न चालणाऱ्या साधनांवर अडकली होती. याला कोणा एकाचा निष्काळजीपणा म्हणता येत नाही. विदा सांभाळणे हे संशोधकाचे नव्हे, संस्थेचे काम आहे, हे ध्यानात यायलाच वेळ लागला.

अमेरिकेत जनमत चाचण्यांच्या नोंदी जपणारे रोपर केंद्र १९४७ मध्ये सुरू झाले. मिशिगन विद्यापीठात १९६२ मध्ये सामाजिक शास्त्रांच्या विदेचा आंतरविद्यापीठीय संघ उभा राहिला आणि इंग्लंडमध्ये एसेक्स विद्यापीठात १९६७ मध्ये विदापेढी आली. निसर्गविज्ञानात १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षानिमित्त जागतिक विदाकेंद्रे स्थापन झाली.

शिरापूर आणि कळमण

सोलापूर जिल्ह्याला या विषयात जे स्थान आहे, ते दोन गावांमुळे. मोहोळ तालुक्यातले शिरापूर आणि उत्तर सोलापूर तालुक्यातले कळमण. हैदराबादजवळ पटांचेरू येथील आंतरराष्ट्रीय कोरडवाहू पीक संशोधन संस्था (इक्रिसॅट) हिने १९७५ मध्ये अर्धशुष्क प्रदेशातल्या खेड्यांचा अभ्यास हाती घेतला. महबूबनगर, सोलापूर आणि अकोला या तीन जिल्ह्यांतून प्रत्येकी दोन गावे निवडली. सोलापूर निवडण्याचे कारण उघड होते : खोल काळी जमीन, बेभरवशाचा पाऊस आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर येणारी रब्बी ज्वारी. ७२ चा दुष्काळ लोकांच्या अंगावरून नुकताच गेलेला होता.

प्रत्येक गावात ४० कुटुंबे घेतली. त्यांत १० मजुरांची आणि ३० लहान, मध्यम व मोठ्या शेतकऱ्यांची. अन्वेषक गावातच राहत असे, त्याला तिथली भाषा येत असे आणि तीन-चार आठवड्यांनी तो त्याच घरी पुन्हा जाऊन बसे. कोणत्या तुकड्यात किती दिवस बैल चालले, मजुरी किती मिळाली, उसनवारी कोणाकडून केली, घरात काय शिजले, अशा बारीक नोंदी तो करी. ही पहिली फेरी १९८५ पर्यंत चालली. २००१ नंतर गावांत पुन्हा पाऊल पडले आणि २००९ पासून अभ्यास भारतातल्या आणखी गावांत आणि बांगलादेशातही पसरला. शिरापुरात रब्बी ज्वारीची जागा उसाने कशी घेतली, हे एकाच गावाच्या दोन काळांतल्या नोंदी शेजारी ठेवून पाहता येते.

या विदेचा पुढचा प्रवास हे अभिलेखागाराचे काम समजून घेण्याचे उत्तम उदाहरण आहे. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट टाउनसेंड यांनी शिरापूरसह तीन गावांचे आकडे घेऊन १९९४ मध्ये प्रश्न विचारला : एखाद्याचे पीक बुडाले तर त्या घरचे खाणेपिणेही तेवढेच खाली येते का? त्यांना दिसले की घराचा उपभोग स्वतःच्या उत्पन्नापेक्षा गावाच्या सरासरी उपभोगाबरोबर अधिक हलतो. म्हणजे उसनवारी, देवाणघेवाण आणि साठवण यांतून गाव एकमेकांना बऱ्यापैकी सावरते. भूमिहीनांना मात्र हा आधार कमी. १९९७ मध्ये मार्टिन रॅव्हॅलियन आणि शुभम चौधुरी या अर्थशास्त्रज्ञांनी तीच विदा पुन्हा उघडली, उपभोग मोजण्याच्या पद्धतीवरच बोट ठेवले आणि गावाचा हा आधार टाउनसेंड म्हणतात तितका भक्कम नाही, असे दाखवले. शिरापूरचेच आकडे वापरून दत्त आणि रॅव्हॅलियन यांनी रोजगार हमीचाही हिशेब मांडला : मजूर दुसरी कमाई सोडून कामावर येतो, तेव्हा त्याच्या पदरात निव्वळ किती पडते? मूळ अन्वेषक शिरापुरात बसला तेव्हा राज्याचा रोजगार हमी कायदाही (१९७७) झालेला नव्हता. नोंद ठेवणाऱ्याच्या मनात नसलेले प्रश्न नंतरच्याने विचारले आणि पहिल्याचे चुकले असेल तर दुसऱ्याने त्याच आकड्यांवर ते दाखवले. विदा एका माणसाच्या कपाटात असती तर यातले काहीच घडले नसते.

हा संग्रह आज डेटाव्हर्स या प्रणालीवरील संस्थेच्या भांडारातून मिळतो.

दाखल करण्यापासून जतनापर्यंत

अभिलेखागारांच्या कामाचा सर्वमान्य आराखडा अंतराळ संस्थांकडून आला. त्यांची सल्लागार समिती उपग्रहांची मोजमापे कशी जपावीत यावर विचार करत होती. तोच आराखडा २००३ मध्ये आयएसओ १४७२१ म्हणून आंतरराष्ट्रीय मानक झाला. त्यात विदेच्या तीन गठड्या कल्पिल्या आहेत. संशोधक देतो ती जमा गठडी, अभिलेखागार आत ठेवते ती जतन गठडी आणि वाचकाच्या हाती येते ती वाटप गठडी. तिन्हींतला मजकूर सारखाच असेल असे नाही. जतन गठडीत उत्तरदात्याचे गाव असू शकते, वाटप गठडीत फक्त जिल्हा.

जमा करताना सर्वाधिक वेळ वर्णनात जातो. याला मेटाडेटा म्हणतात. कोणी, कधी, कुठे, कशासाठी मोजले एवढ्यावर ते संपत नाही. शेतकरी सांगतो, ‘हस्ताच्या पावसावर पेरलं, पंचवीस पोती झाली.’ हस्त म्हणजे साधारण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, आणि पोते किती किलोचे, हे लिहिले नाही तर ‘२५’ हा आकडा पुढच्या पिढीसाठी निव्वळ एक संख्या. पायली, मण, गुंठा, बैलजोडीचा दिवस यांचेही तसेच. ‘कृषिवर्ष’ जूनला सुरू धरले की जुलैला, हेही सांगावे लागते. रिकामा रकाना म्हणजे शून्य, ‘विचारले नाही’ की ‘सांगितले नाही’, या तिन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नवशिक्या संशोधक हमखास इथेच फसतो.

मराठी विदेची एक खास डोकेदुखी म्हणजे फाँट. युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची समान संकेतपद्धती) रुळण्यापूर्वी श्रीलिपी, कृतीदेव किंवा आयएसएमच्या फाँटमध्ये टंकलेली फाइल आज उघडली तर देवनागरीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कडबा दिसतो. फाइल शाबूत असते, वाचता मात्र येत नाही. परिवर्तक वापरून ती युनिकोडमध्ये आणावी लागते, तरी जोडाक्षरे आणि रफार हाताने तपासावे लागतात. सोलापुरात आणखी एक पदर आहे. शहराच्या पूर्व भागातल्या विणकर कुटुंबाची मुलाखत तेलुगूत सुरू होते, मजुरीची गोष्ट निघाली की मराठीत वळते आणि मध्येच कन्नड शब्द येतो. अशा ध्वनिमुद्रणाचे शब्दांकन करताना कोणते वाक्य कोणत्या भाषेत होते, ते नोंदवावे लागते. फक्त मराठी भाषांतर ठेवले तर मूळ बोलणे गेलेच.

जतनासाठी फाइली शक्यतो खुल्या, साध्या स्वरूपात नेतात : तक्ते सीएसव्हीत, प्रतिमा टिफमध्ये, दस्तऐवज पीडीएफ-एमध्ये. प्रत्येक फाइलचा एक तपासणी-अंक काढतात. शा-२५६ या पद्धतीने तो ६४ चिन्हांचा असतो आणि फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी पूर्ण बदलतो. ठरावीक काळाने तो पुन्हा काढून जुन्याशी पडताळतात; जुळला नाही तर दुसऱ्या प्रतीवरून फाइल दुरुस्त करतात. म्हणून किमान तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक दुसऱ्या गावी, असा रिवाज आहे. प्रत असूनही देखरेख नसेल तर काय होते, याचे जगप्रसिद्ध उदाहरण अपोलो-११ चे. चंद्रावरून आलेल्या मूळ संकेतांच्या फिती बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असे नासाने २००९ मध्ये सांगितले.

सगळेच जपायचे नसते. पुन्हा मिळवता येणार नाही ते आधी, असा साधा निकष आहे. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूर परिसरात कृत्रिम पावसाचा प्रयोग केला. २७६ ढगांचे निरीक्षण झाले आणि २०२३ मध्ये जाहीर केलेल्या निष्कर्षात सुमारे १०० चौरस किलोमीटरच्या क्षेत्रात पावसात १८ टक्क्यांच्या आसपास वाढ सांगितली गेली. संगणकावरचे प्रतिमान पुन्हा चालवता येते. तो ढग पुन्हा येत नाही. सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्रासारख्या, १९३३ पासून चालत आलेल्या ठिकाणच्या दरसालच्या नोंदींनाही हाच न्याय लागू पडतो.

खुले किती, झाकलेले किती

विदा वाटताना तिला डीओआय हा कायमचा क्रमांक मिळतो. त्यासाठी डेटासाइट ही संस्था २००९ मध्ये निघाली. संकेतस्थळ बदलले तरी क्रमांक योग्य जागी नेतो आणि लेखाप्रमाणे विदेचाही संदर्भ देता येतो. २०१६ मध्ये मांडलेल्या ‘फेअर’ तत्त्वांनुसार विदा सापडावी, मिळावी, दुसऱ्या विदेशी जुळावी आणि पुन्हा वापरता यावी. यात ‘सर्वांसाठी खुली’ हा शब्द नाही, हे अनेकजण विसरतात. कुलूपबंद विदाही फेअर असू शकते. ती आहे आणि कोणत्या अटीवर मिळेल एवढे दिसले पाहिजे.

नाव खोडले म्हणजे ओळख मिटली, असे होत नाही. विडी वळणाऱ्या महिलांच्या सर्वेक्षणात वय, वस्ती, मुलांची संख्या आणि आजार एकत्र ठेवले की शेजारीण बाईला ओळखते. खेड्यात तर ‘दोन विहिरी, एक ट्रॅक्टर, घरात माजी सरपंच’ एवढ्यावर घर सापडते. म्हणून वयाचे गट करतात, गाव काढून तालुका ठेवतात, फारच वेगळे आकडे झाकतात. अगदी नाजूक विदा फक्त सुरक्षित खोलीत बसून पाहू देतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात संशोधन आणि अभिलेखनाला सवलत आहे, पण त्या विदेवरून संबंधित व्यक्तीविषयी कोणताही निर्णय घेता येणार नाही, या अटीवर. झाकपाक माणसांपुरतीच नसते. नान्नजच्या अभयारण्यात माळढोकाचे घरटे दिसले तर त्याचे नेमके अक्षांश-रेखांश जाहीर न करता ढोबळ करून देणे, हीच रीत.

भारतात राष्ट्रीय विदा सामायिकीकरण धोरण २०१२ मध्ये आले. सरकारी खर्चाने जमलेली, संवेदनशील नसलेली विदा त्यामुळे खुली करण्याचा मार्ग मिळाला. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची कुटुंबनिहाय विदा सांख्यिकी मंत्रालयाकडून मिळते. जैवविदेसाठी फरिदाबादला राष्ट्रीय केंद्र २०२२ मध्ये सुरू झाले. विद्यापीठांचे प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राच्या ‘शोधगंगा’ संकेतस्थळावर चढतात. तिथे मिळतो तो प्रबंध. त्याच्या परिशिष्टात कोरी प्रश्नावली असते, भरलेल्या प्रश्नावल्या नसतात. पीएच.डी. करणाऱ्याने तीन वर्षे अक्कलकोट ते करमाळा पायपीट करून जमवलेले बहुतेकदा इथेच थांबते. झेनोडोसारख्या सर्वसाधारण भांडारात ते विनामूल्य ठेवता येते, पण वर्णन लिहिण्याचे कष्ट स्वतःच घ्यावे लागतात.

भांडार किती विश्वासाचे, हे पाहण्यासाठी २०१७ पासून कोअरट्रस्टसील ही तपासणी आहे. तिच्यात एक प्रश्न असा असतो की उद्या अनुदान थांबले तर ही विदा कोण घेणार.

शिरापूरचा एखादा तरुण आज मोबाइलवर आपल्या गावाचे १९७५ चे तक्ते उतरवून घेऊ शकतो. वर्णन इंग्रजीत आहे, तेवढे वाचून घ्यावे लागेल. मग त्याला जमिनी दिसतील, बैल दिसतील, मजुरीचे दर दिसतील. घरांना मात्र फक्त क्रमांक आहेत. त्यातले आजोबांचे घर कोणते, ते त्याला कळणार नाही आणि कळू नये अशीच ती व्यवस्था आहे.