ग्रहणात चंद्र गारठतो

१० डिसेंबर २०११. दत्तजयंतीची संध्याकाळ. सव्वासहाला ग्रहण लागणार म्हणून वाईजवळच्या एका गावात घोंगडी पांघरून गच्चीवर बसलो होतो. मोक्ष होईपर्यंत, म्हणजे पावणेदहापर्यंत, चहा मिळणार नाही असं काकूंनी आधीच बजावलेलं. गच्चीचा काळ्या दगडाचा कठडा मात्र दिवसभराचं ऊन धरून होता. त्याला पाठ टेकली की बरं वाटायचं. खाली अंगणातली माती केव्हाच गार पडली होती.

सात छत्तीसला चंद्र पुरता सावलीत गेला आणि न घासलेल्या तांब्याच्या हंड्यासारखा दिसू लागला. पौर्णिमेला एरवी फिक्या पडणाऱ्या कृत्तिका वरच्या अंगाला स्पष्ट लुकलुकू लागल्या. हा तांबूसपणा आपल्या हवेचा. पृथ्वीच्या कडेने जाणारा सूर्यप्रकाश हवेत वाकून सावलीत शिरतो, त्यातला निळा वाटेतच विखुरतो आणि चंद्रापर्यंत तांबडा तेवढा पोचतो. हवा गढूळ असेल तर तोही नाही. जून १९९१ मध्ये पिनाटुबो ज्वालामुखी फुटला, त्यानंतर डिसेंबर १९९२ च्या खग्रास ग्रहणात चंद्र अगदी काळवंडला होता.

रंगाचं सगळेच सांगतात. मला जास्त नवल वाटतं ते थंडीचं. आपण कुडकुडत असतो तेव्हा तिकडे चंद्राची जमीन दीडशे अंशांहून अधिक उतरलेली असते, तीही दोन-तीन तासांत! १९२७ साली अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेत पेटिट आणि निकोल्सन यांनी ग्रहण चालू असताना चंद्राकडून येणारी उष्णता मोजली, तेव्हा ही घसरण कळली. सलग खडक इतक्या झटकन निवत नाही. चंद्रावर वरचा थर भुसभुशीत धुळीचा असणार. धूळ उष्णता खाली मुरू देत नाही आणि खालची वरही येऊ देत नाही. ऊन गेलं की वरचं पापुद्र्याएवढं तापलेलं लगेच थंड. डच खगोलशास्त्रज्ञ वेसेलिंक यांनी १९४८ मध्ये हे गणिताने दाखवलं. चंद्रावर माणूस उतरायला अजून एकवीस वर्षं होती.

पण सगळा चंद्र सारखा निवत नाही. १९६० च्या ग्रहणात दक्षिणेकडचं टायको विवर आजूबाजूच्या जमिनीपेक्षा बरंच उबदार राहिलेलं आढळलं. टायको चंद्राच्या मानाने तरुण विवर, तिथे उघडे दगडधोंडे पुष्कळ. आमच्या अंगणाचं आणि कठड्याचं जे, तेच तिथलं.

त्या रात्री दुर्बिणीतून टायको शोधला. चंद्राची दक्षिणेकडची कड सावलीच्या काठाजवळ असल्याने थोडी उजळ होती, त्यामुळे तो सापडला. ऊब अर्थात डोळ्यांना दिसत नाही.

३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री पावणेदहापासून अकरापर्यंत भारतातून पुन्हा खग्रास दिसेल. त्या वेळी कठडा आधीच अडवून ठेवणार आहे.